न संपणारं तिकीट: जादा पैसे भरण्याआधी या चुका टाळा

"हे तिकीट कधीच संपत नाही" असं मनोरंजन पार्कच्या तिकिटाबद्दल कुणी म्हटलं की आपल्याकडची पक्की हिशोबी माणसंसुद्धा हिशोब करायचं सोडून देतात. बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून बघणारा माणूस तिकिटामागची बारीक अक्षरं मात्र वाचत नाही. नांदेडात ट्रिपांच्या बुकिंगचं काम करताना मी हे कित्येक वर्षं बघतोय. मुलगा अमेरिकेत आहे, आई-वडील पहिल्यांदाच निघालेत, फ्लोरिडा राज्यातल्या ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड करायचंय. नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना घेऊन हैदराबादकडे जायचंय. प्रश्न ठरलेला: "दादा, थोडे जास्त भरले तर तिकीट संपत नाही म्हणायलेत, घेऊन ठेवू का?"

बहुतेकांना मी नको म्हणतो. ज्यांनी घ्यावं असे थोडे लोक आहेत, त्यांच्याबद्दलही पुढे लिहितो.

नेमकं काय संपत नाही, हेच न विचारणं

तिकिटाला दोन मुदती असतात. एक, पहिल्यांदा गेटवर लावेपर्यंतची. दुसरी, एकदा लावल्यावर उरलेले दिवस किती दिवसांत वापरायचे याची. लोक या दोन्ही एकच समजतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

डिस्ने वर्ल्डचंच घ्या. २००४ पर्यंत तिथल्या अनेक दिवसांच्या पार्क हॉपर (एकाच दिवशी एकाहून जास्त पार्क फिरू देणाऱ्या) तिकिटांवरचे उरलेले दिवस आपोआप राहायचे, वेगळे पैसे नव्हते. जानेवारी २००५ मध्ये नवी पद्धत आली. पहिल्या वापरापासून १४ दिवसांत सगळे दिवस संपवायचे, आणि ते राखून ठेवायचे असतील तर जादा आकार भरायचा. "न संपणारं तिकीट घेऊ का" हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हापासून पडायला लागला. २०१५ मध्ये तो पर्याय विकायचाच बंद झाला. ऑक्टोबर २०१८ पासून तर तिकीट घेतानाच सुरुवातीची तारीख निवडावी लागते. तारीख बांधून घ्यायची नसेल तर जादा पैसे देऊन मोकळ्या तारखेचं तिकीट आजही मिळतं, पण तेही एकदा वापरायला सुरुवात केली की १४ दिवसांच्या हिशोबात येतं. आणि सुरुवात कधीपर्यंत करायची, यालाही शेवटची तारीख असते.

तेव्हा आज कुणी फोन करून "डिस्नेचं कधीच न संपणारं नवीन तिकीट आहे माझ्याकडे" म्हणत असेल तर फोन ठेवून द्या. नवीन असेल तर तसं नाही, आणि तसं असेल तर ते नवीन नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. तारखेचं तिकीट घेतलं, व्हिसा लांबला, जाणं झालं नाही, तर सगळे पैसे बुडाले असं धरून लोक हातपाय गाळतात. डिस्नेचं संपूर्ण न वापरलेलं तिकीट मुदत संपल्यावरही त्यासाठी भरलेल्या किमतीइतकं नव्या तिकिटात वळतं करता येतं, वरचा फरक द्यावा लागतो. म्हणजे ज्या भीतीपोटी माणूस जादा पैसे भरतो, ती निम्मी तशीही झाकलेली असते.

उरलेल्या दिवसाची किंमत गेटवरच्या भावाने धरणं

ही चूक शिकलेली माणसं जास्त करतात. "एका दिवसाचं तिकीट इतक्याचं, माझे सहा दिवस उरणार, म्हणजे सहापट वाचले." नाही वाचले.

डिस्नेचे २००५ चे भाव बघा. एका दिवसाचं साधं तिकीट ५९.७५ डॉलर. चार दिवसांचं १८५. दहा दिवसांचं २०८. म्हणजे चौथ्या दिवसानंतरचे सहा दिवस मिळून फक्त २३ डॉलरना पडत होते. पार्कवाल्यांनी पुढचे दिवस स्वस्त ठेवले ते तुम्ही तिथेच मुक्काम वाढवावा म्हणून, आणि उरलेले घरी न्यायचे असतील तर त्याचा आकार वेगळा लावला. दुकानदाराने फुकट दिलेल्या पिशवीचं भाडं लावावं, तसला प्रकार.

तरी हिशोब जमायचा, नाही असं नाही. चार-चार दिवसांच्या दोन ट्रिपांना दोन तिकिटं, ३७० डॉलर. दहा दिवसांचं एक, २०८. मधे १६२ डॉलरचं अंतर. जादा आकार याच्या आत बसला आणि दुसरी ट्रिप खरोखर झाली तर फायदा होता. वरून दर वर्षी भाव चढत गेले. २०१५ मध्ये तिथल्या मॅजिक किंगडम या पार्कचं एका दिवसाचं तिकीट १०५ डॉलरवर गेलं, आता गर्दीच्या दिवसांत दोनशेच्या घरात आहे. ज्यांनी तेव्हा घेऊन ठेवलं आणि वापरलं, त्यांचं चांगलं झालं.

पण "दुसरी ट्रिप खरोखर झाली तर" या शब्दांवर लोक डोळे मिटून पुढे जातात. मी समोर बसवून विचारतो: दुसऱ्यांदा कधी जाणार? महिना सांगा. "जाऊ की दोन-तीन वर्षांनी" हे उत्तर मी धरत नाही. दोन-तीन वर्षांत सोयाबीनचा भाव पडतो, बारावीचं वर्ष येतं, घरात लग्न निघतं, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आणि अमेरिकेला परत जायचं ते आधी नातवासाठी, मग जमलं तर पार्कसाठी. मुलगा न्यू जर्सीत असेल तर ऑर्लँडोसाठी परत विमान, परत हॉटेल, परत गाडी. त्या खर्चापुढे तिकिटात वाचवलेले पैसे कुठेच लागत नाहीत.

आई-वडिलांना सहसा सहा महिने राहायची मुभा मिळते, त्यावरही लोक भुलतात: "सहा महिन्यांत दोनदा जाऊन येतील." डिस्ने वर्ल्डमध्ये चार पार्क आहेत. एकट्या एपकॉटमध्ये तळ्याभोवतीची फेरीच जवळपास दोन किलोमीटरची आहे, आणि उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपारी रोजच्यासारखा गडगडाटी पाऊस येतो. साठी ओलांडलेली माणसं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय धरून बसतात. मी त्यांना तीन दिवसांचं तिकीट काढायला सांगतो आणि मधला एक दिवस रिकामा ठेवायला लावतो. दिवस कमी घेणं हीच खरी बचत आहे.

ज्यांची लेक टॅम्पाला किंवा ऑर्लँडोलाच राहते, दर वर्षी एक फेरी ठरलेली आहे, त्यांचं गणित वेगळं. असा पर्याय हाती आला तर त्यांनी जरूर घ्यावा. मात्र घ्यायच्या आधी वार्षिक पासचा भाव शेजारी लिहून बघावा. कधीकधी पासच परवडतो.

उरलेले दिवस पाहुण्यांच्या नावाने खपवणं

आता जे सांगतो ते लोकांना पटतच नाही. परभणीकडचे एक निवृत्त गुरुजी आणि काकू फ्लोरिडाला निघाले होते. मुलाच्या ऑफिसातल्या एका मित्राकडे फ्लोरिडातल्या एका मोठ्या पार्कची जुनी, न संपणारी तिकिटं होती, प्रत्येकावर काही दिवस उरलेले. त्याने ती निम्म्या भावात गुरुजींसाठी दिली. निघण्याआधी गुरुजी कागद घेऊन माझ्याकडे आले तेव्हाच मी म्हणालो, गुरुजी, ही नका नेऊ. ते म्हणाले, "अरे, आपल्याच भागातला पोरगा आहे, फसवणार थोडाच!"

पोरगा फसवत नव्हताच. तिकीट खरं होतं, दिवस खरे होते. पण पहिल्या वापराच्या वेळी गेटवर बोट ठेवून घेतात, आणि ते तिकीट त्या बोटाला बांधलं जातं. काकूंनी बोट ठेवलं, दिवा हिरवा होईना. पुसून परत ठेवलं. तिथल्या बाईने हसूनच दुसरं बोट ठेवायला सांगितलं. मग नाव विचारलं. तिकिटावर नाव दुसऱ्याच कुणाचं. त्यांना बाजूला घेऊन खिडकीवर पाठवलं आणि त्या दिवसाच्या भावाने दोन नवी तिकिटं काढावी लागली. मित्राकडे पैसे परत मागायची मुलाला भीड वाटली, ते तसेच राहिले. परत आल्यावर गुरुजी दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "पैशाचं काही नाही रे. रांगेतल्या सगळ्यांसमोर तुझी काकू चोरासारखी बाजूला उभी राहिली, ते मला सहन झालं नाही."

मला अजूनही त्याचा राग येतो, तो गुरुजींवर नाही, "काही होत नाही, चालून जातं" असं छातीठोक सांगणाऱ्यांवर. फ्लोरिडात अशी हस्तांतर न होणारी, अर्धवट वापरलेली तिकिटं विकणं हा कायद्याने गुन्हा आहे. न संपणारं तिकीट म्हणजे सोन्याचं नाणं नव्हे, की आज मी वापरलं, उद्या भाच्याला दिलं. ज्याचं त्याचंच ते असतं. उरलेले दिवस कुणाला तरी देऊन वसूल करू, या हिशोबावर जादा पैसे भरणार असाल तर भरू नका.

आपल्याकडचं "कधीही वापरा" कूपन

आपल्या भागात हा प्रकार प्रदर्शनाच्या मैदानातल्या स्टॉलवर भेटतो. "कधीही या, तारखेचं बंधन नाही," आणि नेहमीच्या भावापेक्षा थोडे जास्त. उदगीरच्या एका कुटुंबाने अशी कूपनं सगळ्या घरासाठी घेतली, दिवाळीत क्रूझर ठरवली, डब्यात धपाटे-चटणी भरून पहाटे चारला निघाले. वॉटर पार्कच्या गेटवर कळलं: कूपन सोमवार ते शुक्रवारचं, सणाच्या सुट्ट्या वगळून, आणि सात दिवस आधी फोनवर नोंद करून. हे सगळं कूपनाच्या मागे छापलेलं होतं, पण तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरांत. बारा माणसांचा फरक जागेवर भरला. न भरता लेकरांना परत कोण नेणार?

मी कूपन हातात घेतलं की आधी मागची बाजू वाचतो. मग पार्कच्या नंबरवर स्वतः फोन करून दोनच गोष्टी विचारतो: दिवाळीतल्या रविवारी हे चालतं का, आणि भाव वाढला तर फरक घेता का. स्टॉलवाल्याला विचारून उपयोग नाही. तो तर हो म्हणायलाच बसलेला असतो.

लहानसहान, पण महागात पडणाऱ्या

लेकरू वाढतं, हे विसरणं. डिस्नेत तीन ते नऊ वर्षांचं तिकीट वेगळं, दहा पूर्ण झालं की मोठ्यांचं. हैदराबादच्या वंडरलासारख्या ठिकाणी लहानांचं तिकीट उंचीवर ठरतं. आज घेतलेलं लहानाचं तिकीट तीन वर्षांनी चालेल का, हे आधीच विचारा.

पार्क कायम राहणार असं धरणं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ पासून दोन-तीन पिढ्यांनी पाहिलं, २०२२ मध्ये बंद झालं. दुबईचं बॉलीवूड पार्क्स २०१६ मध्ये उघडलं आणि २०२३ मध्ये मिटलं.

निघायच्या आदल्या रात्री तिकीट काढणं. याचं काय बोलायचं?

ज्यांच्या कपाटात जुनं तिकीट खरंच पडून आहे

२०१५ च्या आधीचं, स्वतःच्या नावाचं, डिस्नेचं न संपणारं तिकीट असेल तर टाकू नका, उरलेले दिवस अजून चालतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागचा नंबर वहीत उतरवा, कारण जुन्या कागदावरची शाई उडते. कुणाचं तिकीट कुणाचं, हे पेन्सिलीने कोपऱ्यात लिहा. सगळ्या घराची तिकिटं एका पाकिटात कोंबून ठेवलेली मी पाहिली आहेत, आणि मग कुणाचे किती दिवस उरले यावरून घरात वाद. डिस्नेला फोन करून किती दिवस शिल्लक आहेत ते विचारा आणि त्यांच्या ॲपमध्ये तिकीट जोडून घ्या.

शिल्लक म्हणजे सगळंच शिल्लक नाही, हेही समजून घ्या. काही जुन्या तिकिटांवर प्लेझर आयलंड या डिस्नेच्या रात्रीच्या करमणुकीच्या भागातल्या क्लबांच्या किंवा डिस्नेक्वेस्ट या व्हिडिओ गेमच्या ठिकाणाच्या जादा भेटी होत्या. ते क्लब २००८ मध्ये बंद झाले, डिस्नेक्वेस्ट २०१७ मध्ये. मोठी रांग टाळायचा फास्टपास पूर्वी तिकिटातच फुकट मिळायचा. २०२१ पासून त्या सोयीला वेगळे पैसे पडतात, तुमचं तिकीट कितीही जुनं असो. कोरोनानंतर पार्कमध्ये जायला आगाऊ नोंदणी लागायची, ती अट तारखेच्या तिकिटांसाठी ९ जानेवारी २०२४ पासून काढली. बिनतारखेच्या जुन्या तिकिटवाल्यांनी ती आपल्याला लागू आहे का, हे फोनवर स्पष्ट विचारून घ्यावं. ही चौकशी विमानाचं तिकीट काढायच्या आधी करा, ऑर्लँडोला उतरल्यावर नाही.