सदाशिव पेठेचा पत्ता नॉर्वेच्या समुद्रात: माझा अनुभव

डबे पोचवणाऱ्या मुलांसाठी पुण्यातले पत्ते नॉमिनाटिमवरून (ओपनस्ट्रीटमॅप नकाशावर पत्ते शोधून देणारी सेवा) अक्षांश-रेखांशात बदलत होतो. निम्म्या पत्त्यांना उत्तरच येत नव्हतं, उरलेले नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडत होते. पत्ते इंग्रजीत लिहून पाहिले, पिनकोड काढला, पुन्हा घातला. काही उपयोग नाही. दोन रात्री गेल्या, अक्षरशः रडकुंडीला आलो.

शेवटी जमलं ते या क्रमाने. आधी पत्त्यातलं ‘मारुती मंदिरासमोर’, ‘दुसरा मजला’ वगैरे सगळं वेगळ्या रकान्यात हलवलं. खुणेचा पत्ता माणसाला कळतो, शोधयंत्राला नाही. मग एकच लांब ओळ न पाठवता स्ट्रीट, सिटी, पोस्टलकोड वेगवेगळे दिले. यांच्यासोबत ‘क्यू’, म्हणजे अख्खा पत्ता एका ओळीत देण्याचा रकाना, चालत नाही. कंट्रीकोड्समध्ये ‘इन’ घातलं, म्हणजे शोध भारतापुरताच. सेकंदाला एकच विनंती, यूजर-एजंटमध्ये (विनंती कोण पाठवतंय ते सांगणारी ओळ) स्वतःच्या ॲपचं नाव. नॉमिनाटिमच्या सार्वजनिक सर्व्हरचा हा नियम आहे, पाळाच.

समुद्राचं कारण वेगळंच निघालं. उत्तर ज्या स्वरूपात येत होतं त्या जिओजेसनमध्ये आधी रेखांश येतो: [73.85, 18.52]. नकाशा दाखवणाऱ्या लीफलेट लायब्ररीला मात्र आधी अक्षांश लागतो: [18.52, 73.85]. अदलाबदल केल्यावर ठिपके पुण्यात आले.

मग प्रत्येक बिंदू उलटा पत्त्यात बदलून ताडला. तिथे झूम (तपशिलाची पातळी) 18 ठेवला तर इमारतीपर्यंतचा पत्ता मिळतो, 17 ला रस्त्यापर्यंतच. मिळालेला पिनकोड मूळ पिनकोडशी जुळला नाही, तर तो पत्ता बाजूला काढून हाताने नकाशावर टाचला. अक्षांश-रेखांशात दशांशानंतर पाच आकडे पुरतात, म्हणजे साधारण एक मीटरपर्यंत अचूक.