वालेची बाटली वाचायची कशी

वाले हे स्वित्झर्लंडमधलं वाइनचं खोरं, पण हे नाव मराठी कानाला अर्धवटच वाटतं. पुढे काहीतरी हवं, भाजीवाले, दूधवाले, तसं. फ्रेंच बोलणारे वाले म्हणतात, जर्मन बोलणारे वालिस. मी राहते त्या फिस्पमध्ये जर्मन चालते, ऱ्होन नदीच्या कडेने पश्चिमेला साल्गेश गाव ओलांडलं की फ्रेंच सुरू होते. स्वित्झर्लंडमधल्या एकूण द्राक्षबागांपैकी जवळजवळ एक तृतीयांश या एका खोऱ्यात आहेत. पण स्विस लोक आपली वाइन बहुतेक स्वतःच पिऊन संपवतात, बाहेर जाते ती शेकडा एक-दोन. त्यामुळे इथली नावं मुंबई-पुण्याच्या दुकानांत दिसत नाहीत. घरी येणारे पाहुणे इथल्या दुकानात मांडणीसमोर भांबावून उभे राहतात आणि शेवटी ओळखीचं नाव म्हणून पिनो न्वार उचलतात. इथली पिनो वाईट नसते, पण तेवढ्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं?

मी नाशिककडच्या दिंडोरी तालुक्यातली. घरची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग, त्यामुळे द्राक्ष म्हटलं की मला आधी घड दिसतो, बाटली नंतर. गेल्या सप्टेंबरात वडील, म्हणजे आमचे नाना, इथे आले होते. त्यांना हिंडवताना जे सांगत गेले तेच इथे लिहिते आहे.

सुरुवात फाँदाँ या पांढऱ्या वाइनपासून करा. हॉटेलात बसलात की "त्रुआ देसी" मागा, म्हणजे तीन डेसिलिटर. छोट्या सुरईत येते, दोघांना पुरते, आणि नाही आवडली तर बाटलीभर पैसे पाण्यात जात नाहीत. फाँदाँ हे द्राक्षाचं नाव नव्हे, द्राक्ष शास्ला. फाँदाँ हे त्याचं वालेतलं नाव, आणि ते कुठून आलं ते बागेत कळतं. एका ओळखीच्या शेतकऱ्याने नानांना घडाला हात लावू दिला. नानांनी सवयीने एक मणी तोडून चिमटीत दाबला. आपला पिकलेला मऊ मणी दाबला की पचकन फुटतो आणि रस मनगटापर्यंत येतो. हा फुटला नाही. सालीला मधोमध चीर गेली, दोन फाका झाल्या आणि गर जागच्या जागी राहिला. फ्रेंचमध्ये चिरण्याला फाँद्र् म्हणतात. नाना म्हणाले, "नाव ठेवणारा शेतकरीच असला पाहिजे."

चवीला फाँदाँ मवाळ असते. ज्यांना वाइनमध्ये फुलांचा ताटवा हवा असतो ते नाक मुरडतात. तिला थंड करा, आठ-दहा अंशांवर, आणि सोबत राक्लेट घ्या, म्हणजे वितळवून ताटलीत खरवडलेलं चीज, उकडलेला बटाटा आणि व्हिनेगरमधली काकडी. मग कळतं की तिचं काम तोंड धुऊन पुढच्या घासाला जागा करून देण्याचं आहे. ती ठेवून मुरवायच्या भानगडीत पडू नका. एक-दोन वर्षांत प्यावी.

आता नावांचा गुंता, कारण खरी फसगत इथेच होते. बाटलीवर योहानिसबर्ग लिहिलं असेल तर आत सिल्वानर नावाचं द्राक्ष. मालव्हाझी म्हणजे पिनो ग्री, एर्मिताज म्हणजे मार्सान. हायडा आणि पाइयें ही एकाच द्राक्षाची जर्मन आणि फ्रेंच बाजूची नावं, आणि ते द्राक्ष म्हणजे साव्हान्यें. डोल हे तर द्राक्षच नव्हे, पिनो न्वार आणि गामे यांचं लाल मिश्रण. त्याच काळ्या द्राक्षांचा रस सालीपासून लगेच वेगळा केला की होते डोल ब्लाँश, नावाला पांढरी, दिसायला गुलाबीकडे झुकलेली. एवढं एका कागदावर उतरवून खिशात ठेवा. मी पहिली दोन वर्षं ठेवत होते.

सगळ्यात मोठा घोळ ह्युमान्यचा. ब्लाँश आणि रूज, पांढरी आणि लाल, म्हणजे बहिणी असतील असं कुणालाही वाटेल. नात्यागोत्याचा संबंध नाही. ह्युमान्य ब्लाँशचं नाव १३१३ सालच्या कागदात सापडतं. जुन्या काळी ती बाळंतिणीला शक्ती यावी म्हणून देत, लोह फार असतं अशी समजूत होती. तसं काही निघालं नाही. आपल्याकडे अळीवाचे लाडू, यांच्याकडे ह्युमान्य, आणि लाडूच बरे. वाइन मात्र छान, शांत, घाई न करणारी. ह्युमान्य रूज ही डोंगरापलीकडे, इटलीतल्या आओस्ताच्या खोऱ्यात कॉर्नालँ म्हणून ओळखली जाते. आणि वालेतली कॉर्नालँ? ती निराळीच! तिचं जुनं नाव रूज द्यु पेई, म्हणजे गावची लाल. १९७२ मध्ये तिला कॉर्नालँ म्हणायला लागले. पुढे जनुकीय तपासणी झाली तेव्हा कळलं की ह्युमान्य रूज ही या वालेच्या कॉर्नालँचंच अपत्य. म्हणजे मुलीचं पलीकडच्या गावातलं नाव आईला चिकटलं. म्हणून हॉटेलात नुसतं "ह्युमान्य" मागू नका, रंग सांगा. मी एकदा माशासोबत नुसतं ह्युमान्य मागितलं आणि लाल आली. चूक माझी होती, पण मासा बिचारा वाया गेला.

कॉर्नालँ घेणार असाल तर थोडी जुनी घ्या, दोन-चार वर्षांची. कोवळी असताना ती आंबट आणि अंगावर येणारी. नंतर चेरीचा वास येतो आणि शेवटी किंचित कडवटपणा उरतो. हे द्राक्ष शेतकऱ्याला छळतं. एक वर्ष भरभरून, दुसऱ्या वर्षी हात आखडता. नानांना हे सांगितलं तर ते हसले आणि त्यांना घरच्या बागेतल्या एका विशिष्ट ओळीची आठवण झाली.

एक सकाळ फिस्पर्टर्मिनेनला द्या. फिस्पहून पिवळी पोस्टबस वर चढते. बसमधून उतरून बागांतल्या पायवाटेने खाली चालत या, गुडघे ठीक असतील तर. इथे हायडाच्या बागा साधारण ६५० मीटरपासून ११५० मीटरपर्यंत चढत जातात. युरोपातल्या सर्वांत उंच बागांत यांची गणना होते, आणि आओस्तातले मोर्जेवालेही तोच दावा सांगतात, त्यात आपण पडू नये. आपल्यासाठी गंमत वेगळी आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशेच्या आसपास, म्हणजे यांची सगळ्यात खालची ओळ आणि आमची बाग जवळपास एकाच उंचीवर. फरक हिवाळ्याचा. नाना कोरड्या दगडांच्या ताली बघत उभे होते. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड, आणि दोन तालींच्या मधल्या पट्टीत जेमतेम चार-पाच ओळी वेली.

"यांची खरड छाटणी कधी असती गं?"

"खरड छाटणी नाहीच, नाना. हिवाळा संपता संपता एकदा छाटतात. तेवढीच."

"आन् गोडी?"

"तीच गोडी."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरात गोडी अशा दोन छाटण्या करून तिच्याकडून वर्षाचं वेळापत्रक करवून घ्यावं लागतं. इथे थंडी ते काम फुकट करते. नानांना त्या थंडीचा हेवा वाटला असावा.

हायडाची वाइन अंगाने भरदार आणि तरी आंबटपणा धारदार. उंचीमुळे रात्री गार पडतं, आंबटपणा टिकतो. दुपारी मात्र ऊन दगडी तालींत साठतं. शिवाय फ्योन नावाचा कोरडा गरम वारा येतो, तो घड वाळवून पिकवतो. पाऊस कमी, सिओं या मुख्य गावी वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणून पाट. डोंगराच्या कुशीतून हिमनदीचं पाणी आणणारे हे पाट, फ्रेंचमध्ये बिस. सिओंचा क्लाव्हो बिस १४५३ सालचा आहे आणि त्याच्या काठाने बागांतून सेंत-लेओनारपर्यंत आरामात चालता येतं. पूर्वी कित्येक पाटांवर पाण्याच्या चाकाला एक लाकडी हातोडा जोडलेला असे. पाणी वाहतंय तोवर ठकठक चालू, आवाज थांबला की राखणदार धावला. पाण्याच्या पाळ्याही ठरलेल्या. नानांना लगेच धुळ्याकडची फड पद्धत, म्हणजे गावाने पाटाचं पाणी वाटून घ्यायची रीत, आणि पाणी सोडणारा पाटकरी आठवला. युनेस्कोने २०२३ मध्ये युरोपातल्या अशा पारंपरिक सिंचनाला वारशाच्या यादीत घेतलं, त्यात स्वित्झर्लंडही आहे.

वेट्रो गावची आमीन्य घेताना बाटलीवरच्या मधमाश्या मोजा. हे द्राक्ष जगात ४० हेक्टरच्या आसपासच आहे, आणि त्यातलं बहुतेक याच गावात. एक माशी म्हणजे लिटरला ८ ग्रॅमपर्यंत साखर, दोन म्हणजे ९ ते २५, तीन म्हणजे त्याहून जास्त. माश्या गोडी सांगतात, दर्जा नाही. मला हे ठाऊक नव्हतं. तीन तारे म्हणजे उत्तम या हिशेबाने मी तीन माश्यांची बाटली राक्लेटसोबत उघडली. खारट चीजवर संत्र्याच्या मुरंब्यासारखी वाइन. पाहुणे सभ्य होते, एवढंच म्हणते. एक माशीची आमीन्य जेवणासोबत चालते, दोन माश्यांची आपल्या तिखट रश्शासोबत झकास, आणि तीनवाली पुरणपोळीसाठी राखून ठेवावी.

अशीच गोड गोष्ट म्हणजे बाटलीवर फ्लेत्री हा शब्द. घड वेलीवरच सुकू देतात, म्हणजे बेदाणा करायच्या वाटेला लावतात आणि अर्ध्या वाटेवर तोडून रस काढतात. तासगावच्या माणसाला हे दोन वाक्यांत कळेल.

आणि आता माझी लाडकी, पतीत आर्विन. एकच बाटली घेणार असाल तर हीच. १६०२ पासून तिची नोंद आहे. उशिरा पिकते आणि बागेतली चांगली जागा अडवून बसते, म्हणून महाग. फाँदाँ पंधरा फ्रँकच्या आसपास मिळते, हिला वीस-पंचविशीच्या पुढे मोजावे लागतात. फ्युयी गाव हिच्यासाठी नावाजलेलं. दहा-बारा अंशांवर ठेवा, फार गार केली तर गप्प बसते. वास घ्या, पपनसाची नुकती सोललेली फोड. मग घोट घ्या, गिळा, आणि थोडं थांबून ओठ चाटा. खारट लागतं. खरंच. मीठ कुणी घातलेलं नाही, पण समुद्रावरून आल्यावर ओठ लागतात तसे. नानांनी दोनदा ओठ चाटले आणि पेल्याकडे संशयाने बघितलं. बाटलीवर "दू" किंवा "फ्लेत्री" असं काही नाही ना तेवढं पाहून घ्या, कारण हिचीही गोड वाइन करतात. सुरमईच्या तळलेल्या तुकडीसोबत मी आजवर याहून चांगलं काही प्यायलेलं नाही. काळ्या मसाल्याच्या मटणासोबत मात्र हिला बसवू नका, तिथे ह्युमान्य रूज.

चव घ्यायला जायचं तर कार नको. कायद्याची मर्यादा रक्तात अल्कोहोल हजारी ०.५, आणि ती कधी ओलांडली ते कळत नाही. खोऱ्यातली रेल्वे बहुतेक वाइनगावांच्या शेजारून जाते. सिएर ते साल्गेश सहाएक किलोमीटरची बागांतली वाट आहे, दोन्ही टोकांना वाइनचं संग्रहालय आणि दोन्ही टोकांना स्टेशन. सिएरच्या शातो द व्हिला मध्ये वालेभरच्या शेकडो वाइन एका छताखाली मिळतात. लहान तळघरांत जायचं तर आदल्या दिवशी फोन करा, घरचीच माणसं असतात, बागेत असू शकतात. इस्टरनंतर चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास, गुरुवार ते शनिवार, खोऱ्यातली तळघरं सगळ्यांसाठी उघडी असतात. गर्दी आवडत असेल तर तेव्हा या. क्रम ठेवा: फाँदाँ, हायडा, आर्विन, मग लाल, गोड अगदी शेवटी. टेबलावर भांडं ठेवलेलं असतं त्यात घोट थुंकायचा असतो. नानांनी त्याला पाहताक्षणी पिकदाणी म्हटलं आणि पहिला घोट थुंकायला साफ नकार दिला. तिसऱ्या वाइननंतर ते आपण होऊन पिकदाणीकडे वळले. पेले टेकवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून "सांते" म्हणायचं, पेल्याकडे बघत म्हटलं तर लोक टोकतात. आणि चव घेतलीत तर एखादी बाटली विकत घ्या.

भारतात नेताना माणशी दोन लिटरपर्यंत जकात लागत नाही. पाऊण लिटरच्या दोन आणि अर्ध्या लिटरची एक, बरोबर दोन लिटर होतात, आणि गोड वाइन बऱ्याचदा अर्ध्या लिटरच्याच बाटलीत येते. माझी वाटणी ठरलेली: एक आर्विन, एक कॉर्नालँ, आणि एक छोटी गोड. बाटल्या मोठ्या बॅगेत, मधोमध, कपड्यांत गुंडाळून. नानांनी आपल्या आर्विनला स्वेटर घातला. स्वेटर दिंडोरीत तसाही कपाटातच राहणार होता.