नेपोलियनचं ५ फ्रँक ऑनलाइन घेताय? आधी हे बघा

नेपोलियनच्या चांदीच्या ५ फ्रँकच्या नकली नाण्यांचा नुसता सुळसुळाट आहे, आणि विकणारा समोरच्या चेहऱ्याचा मस्त फोटो टाकून मोकळा होतो. पैसे पाठवायच्या आधी एवढं करा:

१. काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो मागवा. अस्सल नाणं २५ ग्रॅमचं, ३७ मिमी व्यासाचं. झिजलं असेल तर थोडं कमी भरेल, पण २१-२२ दाखवत असेल तर सरळ सोडून द्या.

२. कडेचा फोटो मागवा, हे मात्र अजिबात चुकवू नका. कडेवर फ्रेंचमध्ये 'देव फ्रान्सचं रक्षण करो' अशी अक्षरं असतात. कड कोरी असेल, अक्षरं विरघळल्यासारखी दिसत असतील किंवा मधोमध जोडाची रेघ फिरत असेल तर नाणं ओतीव आहे.

३. साल आणि मजकूर जुळतोय का बघा. १८०८ पर्यंत सम्राट नेपोलियनच्याच नाण्यावर मागे 'फ्रेंच रिपब्लिक' लिहिलंय (हो, गंमतच आहे), १८०९ पासून 'फ्रेंच एम्पायर'. १८०७ चं नाणं आणि मागे एम्पायर, म्हणजे बनवणाऱ्याचा अभ्यास कच्चा.

४. व्हिडिओत नाणं डावीकडून उजवीकडे पलटायला सांगा. आपल्या आत्ताच्या रुपयाची मागची बाजू सरळ येते, याची उलटी यायला हवी, थोडं तिरकं चालतं.

आणि घरी आल्यावर काळं दिसतंय म्हणून चिंच, पितांबरी काही लावू नका, घासलेल्या नाण्याचा भाव तिथल्या तिथे पडतो.