लेन्सआधी जागा ठरवा

अमळनेरला एका लग्नात घराच्या ओट्यावर सगळ्या कुटुंबाचा ग्रुप फोटो घेतला. गल्ली अरुंद, म्हणून २४ एमएमची, म्हणजे जास्त रुंद दृश्य पकडणारी वाइड लेन्स लावली. अल्बम पोहोचल्यावर कडेला उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, मन्हं तोंड इतलं रुंद कसं व्हयनं?" मी लेन्सला दोष दिला. वाइड चेहरा बिघडवते, टेली, म्हणजे दूरचं मोठं दाखवणारी लेन्स, मागचं जवळ ओढते, असंच मी शिकलो होतो.

पुढे रावेरकडच्या एका केळीच्या बागेत पडताळून पाहिलं. समोर शेतकरी, मागे सातपुडा. एकाच जागेवरून २४ ने आणि ८५ एमएमच्या टेलीने फोटो घेतले. २४ च्या फोटोतून मधला भाग ८५ इतकाच कापला, तर माणूस आणि डोंगराचं प्रमाण तंतोतंत तेच! मग २४ लावून दोन मीटरवर उभा राहिलो आणि ८५ लावून सात मीटरवर. माणूस दोन्हींत सारखाच, पण दुसऱ्यात सातपुडा साडेतीनपट मोठा. मी पाच मीटर मागे सरलो, त्यानं माणसापासूनचं अंतर साडेतीनपट झालं. मैलभर दूरच्या डोंगराला पाच मीटरचं काय? पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या-दूरच्या वस्तूंचं एकमेकांशी प्रमाण, पाय ठरवतात, लेन्स फक्त किती घ्यायचं ते ठरवते. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांची टेबल-टॉप, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून घेतलेली छायाचित्रं या नजरेनं जरूर बघा.

हा प्रयोग स्वतः करा, वाचून पटत नाही.

आता मावशींचा चेहरा. २४ एमएमला फुल-फ्रेमच्या (३६ बाय २४ एमएम सेन्सरच्या) फोटोत डाव्या-उजव्या कडेला गोल वस्तू साधारण सव्वापट रुंद उमटते. पण योग्य अंतरावरून पाहिलं तर डोळा त्या कडेकडे तिरकाच बघतो आणि तो ताणलेला रुंदपणा मिटतो. हे अंतर म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सवरचा एमएमचा आकडा) गुणिले प्रिंट सेन्सरच्या किती पट आहे तो आकडा. १२ बाय १८ इंची प्रिंट फुल-फ्रेमच्या जवळपास १२.७ पट. म्हणजे २४ एमएमला ३० सेंटिमीटर, ५० ला ६३, २०० ला अडीच मीटर. अल्बम मांडीवर ठेवून ३० सेंटिमीटरवरून कोण बघतं? तोच फोटो सहा फूट रुंद केला तर हे अंतर सव्वा मीटरच्या आसपास जातं, आणि बैठकीच्या भिंतीसमोर माणूस सहज तिथे उभा राहतो.

म्हणून ऑर्डर घेतानाच विचारतो, फोटो अल्बमात जाणार की भिंतीवर? अल्बमात जाणार असेल, तर ग्रुप ओट्यावरून खाली चौकात आणतो, मागे सरायला जागा करतो आणि ५० लावतो.