वळवाआधी राऊटरची सोय लावा

एप्रिल निम्मा झाला की पुण्यात वळीव कधीही टपकतो, त्यामुळे विजेच्या झटक्याने राऊटर जळू नये म्हणून ही कामं त्याआधीच उरका. पहिलं अर्थिंग. लोक महागातला स्पाइक गार्ड (म्हणजेच सर्ज प्रोटेक्टर, झटका अडवणारा बोर्ड) आणतात आणि जुन्या बिल्डिंगमधे कित्येकदा सॉकेटच्या वरच्या जाड भोकामागे वायरच नसते, मग तो गार्ड झटका ढकलणार कुठे? वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा, फेज ते अर्थ साधारण 230 व्होल्ट आणि न्यूट्रल ते अर्थ एखाद-दोन व्होल्ट यायला हवेत, तसं नसेल तर आधी ते निस्तरा, खरेदी नंतर.

सर्ज प्रोटेक्टर घेताना खोक्यावर ज्युलचा आकडा (किती झटका पचवेल तो) बघा, कुठेच नसेल तर ते बहुतेक नुसतं एक्स्टेन्शन बोर्ड. आतला एमओव्ही, म्हणजे झटका शोषणारा भाग, दर झटक्याला थोडा झिजतो, एक दिवस प्लग चालू असतात पण संरक्षण संपलेलं असतं, म्हणून इंडिकेटरवालाच घ्या. स्वतःचा फ्लॅट असेल तर मेन डीबीत (एमसीबीच्या डब्यात) टाइप 2 एसपीडी, म्हणजे अख्ख्या घराचा सर्ज प्रोटेक्टर, बसवा. आणि न्यूट्रल तुटून घरात 300-400 व्होल्ट येत राहिले तर यातलं काहीच पुरत नाही, त्याला ओव्हर व्होल्टेज कट-ऑफ वेगळा लागतो. गुरुवारी लाईट जाते म्हणून घेतलेला मिनी यूपीएस बॅकअपला मस्त आहे, पण त्याला सर्ज प्रोटेक्टर समजू नका.

खरी गोची लॅन वायरची आहे आणि तिकडे कुणीच बघत नाही. फायबर थेट घरात येत असेल तर काचेतून वीज येत नाही (सोबतची लोखंडी तार मात्र बाहेरच हुकला बांधून कापायला सांगा), पण बऱ्याच सोसायट्यांत केबलवाल्याचा स्विच गच्चीवर असतो आणि तिथून तांब्याची लॅन वायर खाली फ्लॅटमधे येते, जवळपास वीज पडली की झटका त्याच वायरीतून राऊटरच्या वॅन पोर्टात (बाहेरची इंटरनेटची वायर लागते तिथे), तुमचा प्लग कितीही भारी गार्डात असला तरी. गच्चीवरच्या सीसीटीव्हीच्या वायरीचंही तेच. केबलवाल्याच्या मागे लागून फायबर घरापर्यंत आणून घ्या. तो ऐकत नसेल तर इथरनेट सर्ज प्रोटेक्टर लावा, पण त्यालाही अर्थ जोडावा लागतो, नाहीतर शोभेची डबी.

फोनवर दामिनी ॲप टाका, आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचंच आहे, 20 ते 40 किलोमीटरमधे वीज पडत असेल तर कळवतं. अलर्ट आला की प्लगही काढा आणि लॅन वायरही, पण डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर वायरींना हात लावायला जाऊ नका, तोवर उशीर झालेला असतो, राऊटर गेला तर जाऊदे. दोन्ही पिनांना लाल टेप गुंडाळून ठेवा म्हणजे घरी एकट्या आजी असल्या तरी त्यांना फोनवर नीट सांगता येतं. शिवाय पीपीपीओईचा, म्हणजे राऊटरमधे टाकायच्या इंटरनेट लॉगिनचा, युजरनेम-पासवर्ड वहीत लिहा, नवा राऊटर आणला की तोच मागतात आणि केबलवाला नेमका तेव्हाच फोन उचलत नाही.