पाणी आणि बर्फाचे बेस: ओतण्याआधीच होणाऱ्या चुका

मिनिएचरच्या, म्हणजे छोट्या रंगवलेल्या आकृतीच्या, बेसवर (पायाखालच्या बैठकीवर) पाणी दाखवायला रेझिन, म्हणजे कडक होणारा पारदर्शक द्रव, ओतून दोन दिवस झाले, कडेची टेप काढली आणि तळ्यात दुधट ढग दिसला. किंवा वरचा थर अजून बोटाला चिकटतोय. अशा वेळी सगळं खापर बाटलीवर फुटतं. खरं तर बहुतेक घोळ बाटली उघडण्याआधीच झालेला असतो, कारण पाण्याचा बेस बिघडतो तो तळात आणि कडेला. त्यामानाने ओतणं हे सगळ्यात सोपं काम.

रेझिनमध्ये निळा रंग

ही सर्रास दिसणारी चूक. पाच मिलिमीटर खोलीच्या पाण्यात निळ्या रंगाचा एक थेंब टाकला की तळं न दिसता जेली दिसते. खोली दाखवायची ती तळावर रंगवून. मधोमध जवळजवळ काळा वाटेल असा हिरवट-तपकिरी रंग, काठाकडे हळूहळू उजळ होत जाणारा चिखलाचा, आणि दोन्हींच्या मधली सीमा पुसट. त्यावर पारदर्शक रेझिन आलं की उथळ बेससुद्धा खोल भासतो. छटा हवीच असेल तर टूथपिकच्या टोकाला लागेल एवढीच शाई पुरे, आणि तीही पारदर्शक. रेझिनमध्ये पाण्यात विरघळणारा रंग जास्त झाला तर ते नीट कडक होत नाही, हा आणखी एक तोटा.

ओल, हवा आणि गळती

ओतल्यावर तासाभराने तळातून बुडबुड्यांची माळ वर येत असेल, तर हवा कॉर्क, वाळू किंवा प्लास्टरच्या छिद्रांतून येते आहे. वाळूखालचा पीव्हीए ग्लू (पांढरा गोंद) वरून सुकलेला दिसला तरी आत ओला असू शकतो, म्हणून किमान एक दिवस थांबा. मग पातळ केलेल्या ग्लूचे किंवा वॉर्निशचे दोन हात देऊन तळ बंद करा. सुटी पिगमेंट पावडर तशीच राहिली तर रेझिनमध्ये तरंगत वर येते, तीही आधी चिकटवून घ्या. गवताच्या झुबक्यांत हवा अडकते. तिथे ब्रशने थोडं रेझिन आधीच मुरवलं की काम होतं.

कडेला टेप किंवा प्लास्टिकची पट्टी लावून बांध घातला, तरी एकदम पूर्ण खोली ओतू नका. आधी जेमतेम एक मिलिमीटरचा थर ओतून जमू द्या. फटी त्यानेच बुजतात आणि गळती झालीच तरी नुकसान थोडक्यात आटोपतं. बांधाला लागून रेझिन वर चढतं आणि टेप काढल्यावर तिथे बारीक कंगोरा उरतो. तो बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने, पाणी लावून घासा आणि कडेला ग्लॉस वॉर्निश द्या. सुरीने तासायला गेलात तर कड पांढरी पडते आणि टवके उडतात.

मापात अंदाज चालत नाही

दोन भागांच्या इपॉक्सीत (रेझिन आणि ते कडक करणारा हार्डनर) हार्डनर जास्त घातला म्हणून ते लवकर सुकत नाही. जास्तीचा हार्डनर जोडीदाराविना तसाच राहतो आणि बेस कायमचा लिबलिबीत होतो. आकारमानाने 2:1 असलेलं प्रमाण वजनाने 2:1 असेलच असं नाही, कारण दोन्ही द्रवांची घनता वेगळी असते. लेबल नीट वाचा. दहा ग्रॅमच्या मिश्रणात एक ग्रॅमची चूक म्हणजे थेट दहा टक्के, म्हणून 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा वापरा. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, कपाच्या भिंती आणि तळ खरवडून घ्या, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळा. हा दुसरा कप बहुतेक जण टाळतात, आणि मग पाण्यात नेमका एकच डाग ओला राहतो.

चिकटपणा आलाच तर तो कोणता ते आधी ओळखा. दमट हवेत वर नुसती मेणचट साय आली असेल तर ती कोमट साबणाच्या पाण्याने पुसली जाते. खोली थंड असेल तर उबेत आणखी काही दिवस ठेवा. पण नख रुतत असेल आणि आठवड्यानेही तसंच असेल, तर मिश्रण चुकलं आहे. ते खरवडून काढण्यावाचून इलाज नाही.

एकाच बाटलीतून येणारं ॲक्रिलिक वॉटर इफेक्ट मुळातच वेगळं. ते आतलं पाणी उडून सुकतं, त्यामुळे एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच. जाड ओतलं तर वर कातडी धरते आणि खाली आठवडेच्या आठवडे दुधट राहतं. यूव्ही दिव्याखाली कडक होणाऱ्या यूव्ही रेझिनचा अडसर म्हणजे सावली: आकृतीच्या पायाच्या आड किंवा दाट रंगाखाली दिव्याचा प्रकाश पोचतच नाही.

बर्फ म्हणजे पांढरा रंग नव्हे

गोठलेल्या तळ्यावरचा स्वच्छ बर्फ तळ दाखवतो, म्हणून काळपट दिसतो. पांढरं असतं ते भेगांमध्ये आणि अडकलेल्या हवेत. दोन मिलिमीटर रेझिन जमल्यावर सुरीच्या टोकाने भेगा ओरखडा. त्यांत पातळ पांढरा रंग भरून वरचा पुसून घ्या आणि आणखी एक पातळ थर द्या. या दुसऱ्या थरावरही थोड्या भेगा काढल्या की बर्फाला जाडी येते. भेगा एकसारख्या अंतरावर नकोत. दगडापासून किंवा पायापासून निघून त्या फुटत, बारीक होत जातात. वरून आरशासारखा ग्लॉस देण्यापेक्षा सॅटिन वॉर्निश बरं.

तरंगणाऱ्या बर्फाचा साधारण नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो. तुकडे पाण्यावर फरशीसारखे मांडले की डोळ्याला लगेच खटकतं. ते ओतण्यापूर्वीच बसवा.

सुपर ग्लूच्या वाफेने स्वच्छ रेझिनवर पांढरी पुटं येतात, म्हणून पारदर्शक भागाजवळ तो टाळा. (दव गोठल्याचा आभास हवा असेल तेव्हा हाच दोष कामाला येतो, पण सुटा तुकडा घेऊन आधी करून पाहा.) बेकिंग सोडा आणि पीव्हीएचं हिम सुरुवातीला छान दिसतं, पुढे पिवळं पडतं. तयार स्नो पावडर वापरा. काचेचे बारीक मणी किंवा काचेचा चुरा असेल तर मास्क आणि चष्मा हवाच.

शेवटी फवारायचा मॅट वॉर्निश पाण्याची चमक घालवतो, म्हणून मिनिएचरवरचं वॉर्निश पाणी ओतण्यापूर्वीच आटपा. पाण्याच्या रेषेवरचा अर्धा सेंटिमीटर कपडा थोडा गडद करून त्यावर ग्लॉस दिला की आकृती भिजलेली दिसते. कच्चं इपॉक्सी कातडीला लागत राहिलं तर ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा नायट्रिल ग्लोव्हज घाला. उरलेलं मिश्रण बेसिनमध्ये ओतू नका, कपातच जमू देऊन मग टाका.