खानावळीचं सांडपाणी सोडताना या चुका टाळा

मालवण, दापोली, रत्नागिरी, किनाऱ्यावरच्या कुठल्याही खानावळवाल्याला विचारा, सांडपाणी जातं कुठं? 'गटारात.' चूक इथूनच सुरू होते. रस्त्याकडेचं उघडं गटार पावसाच्या पाण्यासाठी असतं. ते व्हाळाला (ओढ्याला) मिळतं, नाहीतर सरळ खाडीला.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मध्ये सार्वजनिक मलवाहिनीत (मैला-सांडपाण्याच्या बंद वाहिनीत) काय सोडता येतं याच्या मर्यादा आहेत. बीओडी, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला जेवढा ऑक्सिजन खाते तो, लिटरमागे ३५० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. तेल-ग्रीस २०, न विरघळलेला गाळ ६००, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते) ५.५ ते ९. आकडे सैल वाटतात ना? पण खाली तळटीप आहे, आणि ती कुणी वाचत नाही. ही सवलत त्या वाहिनीच्या टोकाला जैविक प्रक्रिया करणारं केंद्र असेल तरच. नसेल तर नदी-नाल्यात सोडायचे निकष लागतात: बीओडी ३०, तेल १०, गाळ १००. कोकणातल्या बहुतेक गावांत असं केंद्र नाही, त्यामुळे ३५० चा आधार घेऊन वाद घालू नका.

आता चेंबर तुंबण्याकडे. सुरमई तळून झाली की कढईतलं तेल मोरीत, वर उकळतं पाणी आणि साबण. तेल गेलं असं वाटतं. ते फक्त पुढच्या वळणापर्यंत जातं. तिथं पाणी निवतं, चरबी पाइपाला धरते, त्यात माशाचे खवले आणि नारळाचा चोथा अडकतो. मग लोक ॲसिड ओततात. त्यानं पीएच घसरतो, सिमेंटचा पाइप झिजतो आणि चरबी बहुतेक जागच्या जागीच राहते.

उपाय कंटाळवाणा आहे: मोरीला आधी जाळी, मग ग्रीस ट्रॅप, म्हणजे पाण्यातलं तेल-चरबी अडवणारी टाकी. जुनं तेल डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्याला द्यावं. ट्रॅपचा साधारण चौथा भाग चरबी-गाळानं भरला की उपसावा. उपसलेलं मात्र पुढच्या चेंबरमध्ये ओतू नये (हसू नका, हे सर्रास चालतं). ट्रॅपमध्ये संडासाची लाइन जोडू नका.

मासळी धुणाऱ्यांची चूक वेगळी. रक्ताच्या पाण्यात विहिरीचं पाणी मिसळलं की तपासणीचा नमुना बरा येतो, पण घाणीचा एकूण भार तेवढाच राहतो. खारं पाणी वापरलं तर आणखी एक दुखणं: त्यातल्या सल्फेटपासून बंद चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच.

जून लागला की कौलांच्या पन्हळीचा पाइप मैल्याच्या चेंबरला जोडतात. अंगण कोरडं राहतं खरं, पण कोकणातल्या पावसात तो चेंबर उलटा वाहायला किती वेळ लागणार? पन्हळीचं पाणी वेगळंच काढा.

आणि तुंबलंच, तर 'दोनशे रुपये देतो, उतर रे' म्हणून कुणाला खाली उतरवू नका. सडक्या अंड्याच्या वासाचा तोच हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की वासही कळेनासा होतो आणि माणूस आत कोसळतो. २०१३ च्या कायद्यानं गटार किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं गुन्हा आहे. सक्शन गाडी बोलवा. गाडी टाकीपर्यंत पोचेल एवढी वाट बांधकामाच्या वेळीच ठेवलेली बरी. वाडीतल्या पाणंदीतून ती आत येत नाही.